स्वप्नास काढून टाकावे

पानसे नावाची मुलगी अर्ज घेऊन आली
तेव्हा घड्याळात बारा पंचावन्न झाले होते,
म्हणजे आमच्याकडे संध्याकाळच.
"सिनेमा काढतेय," म्हणाली, "सरकारी कचेरीवर. विनोदी आहे."
मी म्हटलं, विनोदी असेल तर तीन प्रतींत लागेल.

आवक क्रमांक टाकला. संहिता चाळली.
पान एकोणसाठ, दृश्य बेचाळीस:
दुपार. अभिलेख कक्ष. कारकून मान टाकून बसलेला.
सतरा नंबरच्या कपाटामागून समुद्र येतो.

माझा चहा बशीतच राहिला.
सतरा नंबरचं कपाट माझं. समुद्रही माझाच.
एकवीस वर्षं, रोज सव्वातीनला,
शिवाजीनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर तो येतो,
मी चपला टेबलाखाली सारतो,
पँट पोटरीपर्यंत दुमडतो,
आणि हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मग मला जे येतं ते केलं. त्रुटी काढली.
'पुणे महसुली हद्दीत समुद्र असल्याचे दिसून येत नाही.
सबब, सदर समुद्र कोणत्या खात्याचा, याचा खुलासा व्हावा.'
पाटबंधारेवाल्यांनी लिहिलं, खारं पाणी आमच्याकडे येत नाही.
बंदर खात्याने लिहिलं, भरतीचं वेळापत्रक जोडलेलं नाही.
अग्निशमनची हरकत नव्हती,
मात्र समुद्राजवळ वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

नस्ती जाड झाली. दोन साहेब बदलले.
तिसऱ्याने हिरव्या शाईत शेरा मारला:
'परवानगी द्यावी. स्वप्नास काढून टाकावे.'

तो कागद माझ्या हाती आला तेव्हा
पाणी गुडघ्याला लागलेलं,
कळफलकावर एक खेकडा.
परवानगीच्या ट्रेऐवजी मी तो
आस्थापनेच्या ट्रेमध्ये टाकला.

आस्थापनेत एकच स्वप्ना होती.
स्वप्ना गायधनी, कंत्राटी, खिडकी क्रमांक चार.
धायरीहून दोन बस बदलून यायची.
अर्ज चुकलेला असला की आधी माणसाला खुर्ची द्यायची,
मग चूक सांगायची.
चार वाजता तिचं कार्ड दाराला चालेना.
पाचला पगारपत्रकातून नाव गेलं.
सहाला काचेवर पाटी लागली:
ही खिडकी कधीही नव्हती.

मी साहेबांकडे गेलो.
"विभक्ती द्वितीया," ते म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे.
चूक असती तर दुरुस्त केली असती, ढमढेरे.
चूकच नाही, तर दुरुस्त काय करू?"
तरी शुद्धिपत्रकाचा कोरा नमुना दिला. माणूस चांगला आहे.
त्यावर संबंधित कर्मचाऱ्याची सही लागते,
समक्ष.

ती दोनदा येऊन गेली म्हणे.
गेटवर विचारलं, कोणाला भेटायचंय?
म्हणाली, स्वप्ना गायधनींना.
वॉचमनने वही दोन्ही बाजूंनी बघितली.

पानसेबाईंनी वाट बघून बघून
एका बंद पडलेल्या शाळेत कपाटं मांडली
आणि तिथेच सिनेमा काढला.
लॉ कॉलेज रोडला दाखवला तेव्हा मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो.
लोक खूप हसले. चांगल्या जागी हसले.
बेचाळिसावं दृश्य जसंच्या तसं होतं,
आदेश तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.
फक्त तिचा समुद्र निळा होता.
माझा करडा आहे, टाचणीच्या गंजासारखी त्याला कड आहे.
हे दाखवायचं राहिलं, पण कुणाला सांगणार?

स्वप्नाचा डबा अजून माझ्या खणात आहे.
उघडलेला नाही. आता उघडण्यासारखाही नसेल.

सव्वातीनला पाणी येतं.
मी चपला काढत नाही.
मान वर न करता म्हणतो, उद्या या.
ते काही बोलत नाही,
चार नंबरची खिडकी जिथे कधीही नव्हती
तिथे जातं
आणि रांगेत उभं राहतं.